मोजणें आणि वांटणें : बालवर्गांतील कामें व अंकशिक्षण

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त भरलेल्या पालकसभेंतील भाषण)



महोत्सवाच्या या मंगल प्रसंगीं आम्हां बालवर्गाच्या शिक्षिकांस दोन शब्द बोलण्याची आज्ञा झाली, याबद्दल आम्ही आपल्या मनःपूर्वक ऋणी आहों. आमच्यापूर्वीं बोललेल्या वक्त्यांनीं मोठमोठ्या विषयांचा परामर्श घेतला. आमचा अधिकार तीन ते सहा वर्षांच्या मुलांपुरताच आहे; तेव्हां आमचा विषयही त्यांच्याच उंचीचा असावा, हें योग्य होय. वर्गांतील लहानसहान कामें मुलांच्या हातीं कशीं सोंपवावीं, आणि त्या कामांच्या योगें त्यांस मोजावयास कसें शिकवावें, एवढेंच आज आम्ही सांगणार आहों. विषय ऐकून कोणास हंसूं येईल. ताटल्या मांडणें आणि केर काढणें यांत शिकावयाचें तें काय, असेंही कोणी म्हणेल. परंतु मूल पुढें ज्या वृत्तीनें चारचौघांत वागतें, तिचा पाया बऱ्याच अंशीं याच ताटल्यांवर आणि याच केरसुणीवर घातला जातो, असा आमचा अनुभव आहे. म्हणून आपण थोडा वेळ धीर धरून ऐकावें, अशी विनंती आहे.

एका वर्षीं पावसाळ्याच्या तोंडीं चार वर्षांचा एक मुलगा आमच्या वर्गांत दाखल झाला. त्याची आई त्यास घेऊन आली, तेव्हां तिनें मोठ्या अभिमानानें सांगितलें कीं, ‘‘बाई, याला शंभरपर्यंत अंक येतात.’’ मुलानेंही हात मागें बांधून, एका दमांत, एक ते शंभर अंक बिनचूक म्हणून दाखविले. आम्हीं त्याची पाठ थोपटली. दुसरे दिवशीं खाऊच्या वेळीं एका ओळींत पांच मुलें बसलीं होतीं. आम्हीं त्यास म्हटलें, ‘‘बाळ, या पांच जणांना पांच ताटल्या आणून दे.’’ तो लगबगीनें गेला, आणि दोन्ही हातांत मावतील तितक्या ताटल्या उराशीं धरून परत आला. त्या सात होत्या कीं नऊ, हें त्यास ठाऊक नव्हतें. आणि तें ठाऊक असावयास पाहिजे, असेंही त्यास वाटलें नव्हतें. ‘‘पांच आणल्यास का?’’ असें विचारतांच तो पुन्हा हात मागें बांधून ‘एक, दोन, तीन’ म्हणूं लागला.

हा त्या मुलाचा दोष नव्हे, आणि त्याच्या आईचाही नव्हे. अंक म्हणणें आणि मोजणें या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हें आपण मोठीं माणसें विसरून गेलेलों असतों, इतकेंच. १९७८ सालीं रोशेल गेलमन व सी. आर. गॅलिस्टेल या अमेरिकेंतील दोघां मानसशास्त्रज्ञांनीं लहान मुलांच्या संख्याज्ञानावर एक ग्रंथ लिहिला. त्यांत त्यांनीं मोजण्याचीं पांच तत्त्वें सांगितलीं आहेत. प्रत्येक वस्तूस एक आणि एकच अंक द्यावयाचा, हें पहिलें. अंकांचा क्रम ठरलेला असतो, हें दुसरें. शेवटीं उच्चारलेला अंक हीच त्या सर्व वस्तूंची संख्या, हें तिसरें. वस्तु कोणतीही असो, ताटली असो कीं घंटेचा टोल असो, ती मोजतां येते, हें चौथें. आणि उजवीकडून आरंभ केला काय किंवा डावीकडून केला काय, संख्या तीच येते, हें पांचवें. आमच्या त्या मुलास दुसरें तत्त्व शंभरपर्यंत अवगत होतें. पहिलें आणि तिसरें मात्र त्याच्या गांवींही नव्हतें. पुढें १९९० सालीं कॅरन विन या संशोधिकेनें असें दाखविलें कीं, ज्या मुलास समोरच्या वस्तु बोटानें दाखवीत मोजतां येतात, त्यासच ‘तीन दे’ म्हटलें असतां तें पुष्कळदां मूठभर उचलून देतें. मूल प्रथम ‘एक’ खरोखर समजतें, मग कांहीं महिन्यांनीं ‘दोन’, मग ‘तीन’. आणि त्यानंतर केव्हां तरी मोजण्याचें मर्मच त्याच्या हातीं येतें. तेथपर्यंतची वाट लांब असते. ती घोकंपट्टीनें तुटत नाहीं.

मग ती कशानें तुटते? आमचें उत्तर असें कीं, ज्या मोजण्यावर कोणाचें तरी कांहीं अवलंबून आहे, असें मोजणें मुलाच्या वांट्यास आलें म्हणजे तुटते. फळ्यावर काढलेलीं पांच फुलें चार मोजलीं, तर जगांत कोणाचेंही बिघडत नाहीं. बाई ‘चूक’ म्हणतात, आणि मूल ‘पांच’ म्हणून मोकळें होतें. परंतु पांच मुलांस चारच ताटल्या आणल्या, तर एक मूल रिकाम्या हातांनीं बसून राहतें आणि आणणाराकडे पाहतें. तें पाहणें हाच खरा गुरु होय.

वर्गांतील कामें मुलांनीं करावीं, ही कल्पना नवी नाहीं. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रास येथील अनाथ मुलांच्या शाळेचा कारभार पाहणारे अँड्र्यू बेल यांनीं देशी शाळेंतील मुलें वाळूंत अक्षरें गिरवीत असलेलीं पाहिलीं, आणि थोरल्या मुलाकडून धाकट्यांस शिकविण्याची पद्धति आपल्या शाळेंत सुरू केली. त्याच सुमारास लंडनमध्यें जोसेफ लँकेस्टर यांनींही शेंकडों मुलांची शाळा अशाच बालनायकांच्या बळावर चालविली. परंतु तेथें मुलांस कामें दिलीं तीं शिक्षक एक आणि विद्यार्थी अनेक, या अडचणींतून वाट काढण्यासाठीं; म्हणजे सोय शाळेची होती. मारिया माँटेसरी यांनीं १९०७ सालीं रोम शहरांतील सान लोरेंझो या गरीब वस्तींत पहिलें बालगृह उघडलें, तेव्हां ही दृष्टि पालटली. टेबल मांडणें, वाढणें, भांडीं धुणें, केर काढणें हीं कामें त्यांनीं मुलाच्या स्वतःच्या वाढीचीं साधनें मानलीं. या बाई १९३९ सालीं मद्रासेस आल्या आणि १९४६ पर्यंत हिंदुस्थानांत राहिल्या, हें आपणांपैकीं अनेकांस ठाऊक असेल. आपल्या अधिक जवळचें उदाहरण घ्यावयाचें तर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचें घ्यावें. १९४५ सालीं बोर्डी येथें आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेंकडीवर त्यांनीं जें बालशिक्षण चालविलें, तें विकत घेतलेल्या साहित्यावर अवलंबून नव्हतें; खडे, बिया, पानें, काड्या हेंच त्यांचें साहित्य. गुरें राखावयास जाणाऱ्या आदिवासी मुलांस शाळेंत येतां येत नाहीं, तर शाळेनेंच कुरणांत जावें, म्हणून त्यांनीं कुरणशाळा काढली. मुलाचें काम आणि मुलाचें शिक्षण हीं एकमेकांचीं वैरी नव्हेत, हा धडा आम्हीं त्यांच्यापासून घेतला.

आतां आमच्या वर्गांत हें कसें चालतें, तें सांगतों. वर्गांत वीस मुलें आहेत. त्यांच्या दहा जोड्या केल्या आहेत. प्रत्येक जोडींत एक थोरलें आणि एक धाकटें. कामें पांच आहेत : हजेरी, आसनें, पाणी, खाऊ आणि केर. रोज पांच जोड्या काम करितात आणि पांच विसांवा घेतात. म्हणजे प्रत्येक जोडीची पाळी एक दिवसाआड येते, आणि कामाचे दहा दिवस भरले कीं प्रत्येक जोडीच्या हातून पांचही कामें एकेकदां होऊन जातात.

हजेरीचें काम असें. भिंतीवर वीस खुंट्या आहेत आणि प्रत्येकीवर एक चित्र आहे : कोणाचें केळें, कोणाचा मासा, कोणाची होडी, कोणाचें मोगऱ्याचें फूल. मूल आलें कीं आपल्या चित्राची लांकडी चकती आपल्या खुंटीस अडकवितें. प्रार्थना झाल्यावर हजेरीची जोडी रिकाम्या खुंट्या मोजते. वीस चकत्या मोजणें चार वर्षांच्या मुलास जड जातें. दोन रिकाम्या खुंट्या मोजणें त्यास सहज साधतें. ज्या दिवशीं एकही खुंटी रिकामी नसते, त्या दिवशीं तें मूल मोठ्यानें सांगतें, ‘‘आज शून्य!’’ शून्य म्हणजे काय, हें पाटीवर वर्तुळ काढून समजावितां समजावितां आम्ही एके काळीं थकून गेलों होतों. माँटेसरीबाईंच्या साहित्यांत शून्य ते नऊ अशा खणांची एक पेटी असते आणि तींत घालावयास पंचेचाळीस चात्या असतात. शून्याच्या खणांत कांहींच घालावयाचें नसतें. आमच्या भिंतीवर त्याच शून्याचा अर्थ ‘सगळीं आलीं’ असा होतो, आणि त्याचा मुलांस मोठा आनंद वाटतो.

आसनांचें काम सर्वांत सोपें, म्हणून तें आरंभीं धाकट्यांस देतों. पांच-पांचांच्या चार ओळी मांडावयाच्या. तीन वर्षांच्या मुलास अंक येत नसला तरी चालतो. एका मित्रास एक आसन, असें देत गेलें म्हणजे झालें. मोजण्याचें पहिलें तत्त्व तें येथें तोंडानें न म्हणतां पायांनीं शिकतें. पुढें तेंच मूल ‘एका ओळीचीं आसनें आण’ म्हटल्याबरोबर हाताच्या पांच बोटांकडे पाहून पांच उचलून आणतें. याच जोडीकडे रंगीत खडूही असतात. एका लांकडी ठोकळ्यास वीस भोंकें पाडलीं आहेत. वांटलेले खडू परत आले कीं एकेक खडू एकेका भोंकांत उभा करावयाचा. एक भोंक रिकामें राहिलें, तर जोडी स्वतःच आसनांखालीं शोधूं लागते. आम्हांस सांगावें लागत नाहीं.

पाण्याच्या कामांत वस्तु मोजावयाची नसून कृति मोजावयाची असते, आणि तें कठीण आहे. ओंजळींतील बिया पुन्हा मोजतां येतात. कुंडींत ओतलेलें पाणी पुन्हा कसें मोजावें? सहा कुंड्यांस दोन-दोन पेले घालावयाचे, तर कोणत्या कुंडीस एकच मिळाला, हें मूल विसरून जातें. म्हणून पेला ओतला कीं कुंडीच्या कांठावर एक चिंचोका ठेवावयाचा, अशी युक्ति योजिली. चिंचोका हा झालेल्या कामाचा साक्षी. आपल्या घरांत रोज रात्रीं जपमाळ होते. एक प्रार्थना, एक मणी, दहा झाल्या कीं मोठा मणी. जें मूल आईच्या बोटांमधून तो मणी सरकतांना पाहतें, त्यास ही युक्ति समजावून सांगावी लागली नाहीं. तसेंच घंटेचें. आपल्या चर्चची त्रिकाळ प्रार्थनेची घंटा तीन-तीन टोलांनीं होते, हें येथील प्रत्येक मुलाच्या कानांत बसलेलें आहे. डोळ्यांस न दिसणारी वस्तुही मोजतां येते, हें तें तेथेंच शिकलें. आम्हांस फक्त त्याची आठवण करून द्यावी लागली.

केराच्या कामांत फरशीच्या ओळी मोजून वांटून घ्यावयाच्या, आणि दाराबाहेरच्या चपला जोडीनें लावावयाच्या. दोन, चार, सहा, आठ हें मुलांनीं चपलांवरून जितक्या लौकर उचललें, तितक्या लौकर दुसऱ्या कशावरूनही उचललें नाहीं. शेवटीं एक चपल उरली, तर कोणाची तरी जोडी फुटली आहे, हें उघडच झालें.

खाऊच्या कामाविषयीं थोडें सविस्तर सांगितलें पाहिजे, कारण आमच्या सर्व खटाटोपाचें सार त्यांत आहे. एकदां एका मुलीनें पांच जणांच्या ओळीस चार ताटल्या आणल्या. वांटतां वांटतां ती शेवटच्या मुलापाशीं आली, आणि हात रिकामे! ती आमच्याकडे पाहूं लागली. पांचवी ताटली आमच्या हाताशींच होती. ती पुढें करावी, असा मोह आम्हांस झाला. परंतु आम्हीं हात आवरला आणि कांहीं बोललों नाहीं. तिनें ओळीकडे पाहिलें, बोट दाखवून पुन्हा मोजलें, आणि ‘‘अजून एक हवी,’’ असें स्वतःशींच म्हणून धांवत गेली. चार आणि एक पांच, ही बेरीज तिनें त्या क्षणीं केली. आणि ती कोणत्याही पाटीवर नव्हती. आम्ही ताटली पुढें केली असती, तर त्या मुलाची भूक भागली असती, पण मुलीची बेरीज आम्हीं खाऊन टाकली असती. केळीं वांटावयाच्या दिवशीं दोघांत एक केळें असेल, तर अर्धें म्हणजे काय हेंही असेंच कळतें. आणि अर्धें लहान-मोठें झालें तर त्याचा न्याय जोडीदारच करितो.

आतां आमची एक चूक आपणांसमोर कबूल करितों. आरंभीं आम्ही पाळी ठेवीत नव्हतों. जें काम निघेल, त्यास समोर दिसेल त्या मुलास हांक मारीत होतों. आम्ही सर्वांस सारखें वागवितों, असा आमचा प्रामाणिक समज होता. एका महिन्यांत सहज गंमत म्हणून, कोणतें काम कोणास दिलें, याची आम्हीं रोज नोंद केली. आणि महिनाअखेर ती मोजून पाहतां आमची मान खालीं गेली. केरसुणी बहुतेक वेळां मुलींच्या हातीं गेली होती, आणि मुलांमध्यें गेली ती ज्याचे कपडे विटके होते अशा एकाच मुलाच्या हातीं पुनःपुन्हा गेली होती. घंटा मात्र नीटनेटक्या पोषाखाच्या, धीट मुलांनीं वाजविली होती. आम्हीं कोणासही जाणून दुखविलें नव्हतें. परंतु डोळे ज्या संवयीनें पाहतात, त्या संवयीनें हातही काम वांटतात; मोजल्याशिवाय तें दिसत नाहीं. मुलांस मोजावयास शिकविणाऱ्या आम्ही, स्वतः मोजावयास विसरलों होतों.

त्या दिवसापासून पाळीची माळ सुरू झाली. प्रत्येक मुलाच्या खुंटीखालीं एक दोरा टांगला आहे. पांच कामांचे पांच रंग. काम झालें कीं त्या रंगाचा मणी त्या मुलानें आपल्या दोऱ्यांत ओंवावयाचा. दहा दिवस भरले कीं प्रत्येक दोऱ्यांत पांच रंगांचे पांच मणी असले पाहिजेत. जें मूल पांचापुढें मोजूं शकत नाहीं, तेंही एका दृष्टिक्षेपांत सांगतें कीं, ‘‘याच्याकडे हिरवा नाहीं, याचें पाणी राहिलें.’’ आजारीपणामुळें कोणाची पाळी चुकली, तर पुढच्या फेरींत पहिला मान त्याचा. अशा रीतीनें मोजणें हें मुलांच्या हातीं न्यायाचें साधन झालें. आणि खरें सांगावयाचें तर, तें सर्वांआधीं आमच्यावर चालणारें साधन झालें. बाईंनीं एखादी पाळी चुकविली, तर चार वर्षांचें मूल दोरा धरून पुढें येतें. त्याचें तें धाष्टर्य आम्हांस गोड वाटतें.

पाण्याचें काम सर्वांच्या पाळींत असावें, यावर आमचा विशेष कटाक्ष आहे, आणि त्यास कारण आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं आपल्या बालपणींच्या आठवणी लिहून ठेविल्या आहेत. साताऱ्याच्या शाळेंत त्यांस इतर मुलांपासून निराळें, घरून आणलेल्या गोणपाटाच्या तुकड्यावर बसावें लागे. तहान लागली तर इतर मुलें नळाशीं जाऊन पाणी पीत. त्यांस मात्र नळास हात लावण्याची मनाई होती. शिपायानें नळ सोडला तर पाणी, शिपाई नसला तर तहान. वर्गांत पाणी कोणी द्यावें आणि कोणीं घ्यावें, हा प्रश्न या महाराष्ट्रांत लहान नव्हता. ज्या वर्गांत प्रत्येक मुलाच्या हातचें पाणी प्रत्येक मूल पितें, आणि प्रत्येक मुलाच्या हातीं केरसुणी येते, त्या वर्गांतील मुलास समतेवर व्याख्यान द्यावें लागत नाहीं. परंतु ‘सर्वांनीं सर्व कामें करावीं’ असें नुसतें म्हणून तें घडत नाहीं. पांच रंगांचे पांच मणी मोजावे लागतात.

येथें आपल्या भाषेचा एक गुण सांगितल्यावांचून राहवत नाहीं. मराठी अंक मुलांस कठीण जातात, ही तक्रार जुनी आहे. २०१९ सालीं बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकांत एकवीस हा अंक ‘वीस एक’ असाही वाचावा अशी रीति आली, तेव्हां त्यावर मोठा वाद माजला होता. त्या वादांत आम्ही पडत नाहीं. पण एकोणीस हा शब्द पहा. एक ऊन, म्हणजे एक कमी, वीस. एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास असे एकोणनव्वदपर्यंत आठ अंक आपली भाषा असेच मोजते. पुढची दहाई पुरी होण्यास एकाची उणीव आहे, हें ती सांगते. ‘एकोणीस’ हा शब्द मुलांस कळेना, तेव्हां आम्हीं त्यांस खुंट्यांपाशीं नेलें. वीस खुंट्या, एक रिकामी, किती चकत्या? एक उणे वीस, एकोणीस. त्या दिवसापासून तो शब्द त्यांस कठीण वाटला नाहीं. शंभर मेंढरांतून एक हरवलें असतां बाकीचीं सोडून त्या एकाच्या शोधास निघालेल्या मेंढपाळाचा दृष्टान्त आपण सर्वांनीं लहानपणीं ऐकला आहे. त्यानें मेंढरें मोजलीं होतीं. म्हणूनच एक उणें आहे, हें त्यास कळलें.

कांहीं पालक आम्हांस विचारतात कीं, ‘‘आम्ही मुलांना शाळेंत शिकायला पाठवितों, केर काढायला नव्हे.’’ त्यांच्या या बोलण्यामागें जुनें दुःख असूं शकतें, हें आम्ही जाणतों. कारण ज्यांच्या वाडवडिलांस पिढ्यान्‌पिढ्या केवळ केरच काढावा लागला, त्यांस मुलाच्या हातांतील केरसुणी टोंचणारच. त्यांस आमचें उत्तर एकच : आपल्या मुलाचा दोरा येऊन पहा, आणि शेजारच्या मुलाचाही पहा. दोन्ही दोऱ्यांत केराचा मणी एकच असेल. दुसऱ्या कांहीं पालकांस वाटतें कीं, यांत लिहिण्याचा वेळ जातो. परंतु हीं सर्व कामें मिळून दिवसाचा थोडाच वेळ घेतात, आणि त्या वेळांत मूल खरोखर मोजतें. काम हें आम्ही शिक्षा म्हणून कधीं देत नाहीं, बक्षीस म्हणूनही देत नाहीं, आणि कोण आधीं करितो अशी शर्यतही लावीत नाहीं. शर्यत लागली कीं ताटल्या फुटतात आणि मोजणें राहून जातें.

घरीं आपण काय करावें, असें विचाराल तर तीन गोष्टी सुचवितों. पाहुणे आले म्हणजे मुलास शंभरपर्यंत अंक म्हणावयास उभें करूं नका. त्याऐवजीं आलेल्या पाहुण्यांस पुरतील इतके पेले आणावयास सांगा. दुसरें, रात्रीच्या जेवणाचीं ताटें मुलाच्या हातानें मांडूं द्या. बाबा कामावरून उशिरा येणार असतील, तर त्यांचें ताट मांडावयाचें कीं झांकून ठेवावयाचें, हेंही त्यासच ठरवूं द्या. संध्याकाळीं कोंबड्या खुराड्यांत शिरतात, तेव्हां त्या मोजण्याचें काम त्याचें असूं द्या. आणि तिसरें, तें चुकलें तर घाई करूं नका. एक ताट कमी पडलें, तर क्षणभर तसेंच बसा. मुलगा असो वा मुलगी, दोघांसही हें काम सारखेंच सांगा. नाहीं तर आम्हीं वर्गांत ओंविलेले मणी घरीं ओघळून जातील.

आरंभीं ज्या मुलाविषयीं सांगितलें, त्याचें पुढें काय झालें, तें सांगून हें भाषण संपवितों. शंभर अंक म्हणणारा तो मुलगा कित्येक आठवडे ताटल्या चुकवीत राहिला. कधीं एक जास्त, कधीं दोन कमी. आम्हीं त्यास रागें भरलों नाहीं, आणि त्याच्या पाळ्याही काढून घेतल्या नाहींत. नाताळच्या सुटीनंतर एके दिवशीं खाऊची पाळी त्याची होती. त्यानें आपल्या ओळीपाशीं उभें राहून मोजलें, आणि चारच ताटल्या घेऊन आला. आम्हांस वाटलें, पुन्हा चुकला. पण ओळींत मुलेंही चारच होतीं. आम्हींच पाहिलें नव्हतें. त्यानें चार ताटल्या वांटल्या, रिकाम्या आसनाकडे बोट दाखविलें, आणि विचारलें, ‘‘बाई, ती का नाहीं आली?’’

किती आलीं, असें त्यानें विचारलें नाहीं. तें त्यास ठाऊक होतें. अंक शिकून मुलानें याहून अधिक काय शिकावें, असें आम्हांस वाटत नाहीं. ती मुलगी तापानें आजारी होती. दुसरे दिवशीं तिचा समाचार घ्यावयास आम्ही तिच्या घरीं गेलों, तें त्या प्रश्नामुळें.

बंधुभगिनींनो, महोत्सवाच्या या वर्षीं आपण आपल्या धर्मग्रामाचीं वर्षें मोजीत आहों, घरें मोजीत आहों, माणसें मोजीत आहों. मोजतां मोजतां कोणाची खुंटी रिकामी आहे, आणि केराचा मणी कोणाच्या दोऱ्यांत वारंवार ओंवला जात आहे, हेंही पाहण्याची बुद्धि आपणां मोठ्यांस व्हावी, इतकीच आमच्या वीस मुलांच्या वतीनें प्रार्थना आहे.